५५५ चा हात, ५४६ चा ट्रिगर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वय २४, नोकरी सांभाळून अडीच वर्षं दहा मीटर एअर पिस्तूल मारताय. सरावात एकदा साठ शॉटमध्ये सहाशेपैकी ५६७ लागले. स्पर्धांची सरासरी मात्र ५४६ च्या आसपास, आणि परवाच्या राज्य स्पर्धेत ५४४. पुढे मावळंकर, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेआधीची पात्रता स्पर्धा, आहे. "मी ५७० चा नेमबाज आहे, मग मॅचमध्ये हा ५७० वाला जातो कुठे?" हा तुमचा एक प्रश्न आणि पिस्तूल बदलू का, हा दुसरा. राज्य स्पर्धेतल्या साठ शॉटची फोड तुम्ही दिलीत हे फार बरं केलंत: २४ दहा, २३ नऊ, ८ आठ, ४ सात आणि एक पाच. बहुतेक जण नुसती टोटल सांगतात, आणि टोटलवरून कुणालाच फारसं काही कळत नाही.

फोड पाहून माझं मत असं झालं की ५७० वाला कुठेही जात नाही, कारण तो अजून आलेलाच नाही. आज तुमचा हात ५५५ चा आहे आणि ट्रिगर ५४६ चा. मधले नऊ गुण तुम्ही हाताकडून ५७० ची मागणी करता त्यापायी जातात. हे ऐकायला बरं वाटणार नाही, पण यात एक चांगली बातमीही आहे. ते नऊ गुण नवीन काही न शिकता परत मिळू शकतात.

"आपली पातळी मान्य करा" असं प्रशिक्षक म्हणतात तेव्हा मुलांना वाटतं, हे आता समाधानी राहायला सांगणार, अपेक्षा कमी करायला सांगणार. मला त्यातलं काहीच सांगायचं नाही. पिस्तुलात पातळी मान्य करणं ही थेट ट्रिगरच्या बोटाची गोष्ट आहे. ते कसं, हे कळायला आधी थोडं गणित करावं लागेल. कंटाळू नका, हे गणित तुमच्याच टार्गेटचं आहे.

एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी. पुढचं प्रत्येक वर्तुळ १६ मिमीने मोठं, म्हणजे नऊचं २७.५, आठचं ४३.५ आणि सातचं, जिथे काळं संपतं ते, ५९.५ मिमी. पेलेट (छर्रा) ४.५ मिमीचं आणि त्याची कड रेषेला शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणून पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत असेल तर दहा, १६ च्या आत नऊ, २४ च्या आत आठ, ३२ च्या आत सात. आठ-आठ मिमीच्या पायऱ्या. लक्षात ठेवायला सोपं.

आता समजा तुमची झिरो, म्हणजे साइटची जुळवणी, बरोबर आहे आणि शॉट मध्याभोवती सगळीकडे सारखे विखुरतात. आडव्या आणि उभ्या दिशेचं प्रमाण विचलन (बारावीच्या संख्याशास्त्रात शिकलात तेच) प्रत्येकी ८ मिमी धरलं, तर हिशोबाने साठपैकी २३-२४ दहा, २८ नऊ, ७-८ आठ आणि तीन मॅचमध्ये मिळून दोन सात येतात. टोटल ५५५. तुमच्या यादीशी ताडून बघा. दहा आणि आठ जवळजवळ तंतोतंत जुळतात. जुळत नाही ते शेपूट. तीन मॅचमध्ये मिळून दोन यायला हवेत ते सात तुम्ही एका मॅचमध्ये चार मारलेत. आणि तो पाच! ८ मिमीच्या हातातून पाच निघायचा तर अडीच लाखांहून जास्त शॉट मारावे लागतील. तेव्हा तो तुमच्या हाताचा नव्हेच.

म्हणजे साठपैकी पंचावन्न शॉट एका नेमबाजाने मारलेत आणि पाच दुसऱ्याच कुणी. हा दुसरा कोण, ते पुढे सांगते. आधी ५६७ चा निकाल लावू.

वरचाच ५५५ वाला हात घ्या. त्यात काहीही बदल न होता, फक्त शॉट इकडेतिकडे पडण्यामुळे, साठ शॉटची टोटल साधारण साडेपाच गुणांनी खालीवर होते. तीनपैकी दोन मॅच ५५० ते ५६० मध्ये पडतील आणि वीसपैकी एकोणीस ५४४ ते ५६६ मध्ये. दहा शॉटची एक सिरीज घेतली तर ८९ आणि ९६ या दोन्ही त्याच हाताच्या सिरीज आहेत. ९६ लागल्यावर "जमलं!" आणि ८९ लागल्यावर "गेलं!" म्हणणारा नेमबाज नाणेफेकीवर हसतो-रडतो आहे. आणि असा नेमबाज सरावात पूर्ण साठ शॉटच्या चाळीसेक मॅच मारेल तर त्यातली सर्वांत चांगली मॅच ५६७ च्या घरात असणं हे गणिताने अपेक्षितच आहे. तुमचा ५६७ खरा आहे, तुम्हीच मारलाय, पण तो तुमच्या पातळीचं टोक आहे. तुम्ही टोकाला सरासरी समजून बसलात, त्यामुळे प्रत्येक सरासरी मॅच तुम्हाला अपयश वाटते.

सरावाच्या आकड्यांत आणखी एक खोट असते. सरावात पहिली सिरीज ८७ लागली की पुष्कळ जण म्हणतात, हे साइटर (मॅचआधीचे, गुण न धरलेले शॉट) होते, आता खरी मॅच सुरू. तिसरी बिघडली की चहा प्यायला जातात आणि ती मॅच अर्धीच राहते. वहीत फक्त पूर्ण झालेल्या, म्हणजे चांगल्या चाललेल्या, मॅच उरतात. तुमच्या वहीत असं नसेल तर उत्तमच. पण एकदा प्रामाणिकपणे चाळा.

एकट्या ५४४ वरून मीही काही निष्कर्ष काढला नसता, तो ५५५ वाल्यालाही कधीतरी लागू शकतो. पण सरासरीच ५४६ आहे आणि खाली ते शेपूट आहे, म्हणून हे नशीब नव्हे असं म्हणते.

आता तो दुसरा नेमबाज.

पिस्तूल एका हातात, हात लांब केलेला, कुठेही टेकू नाही. ते हलणारच. ऑलिम्पिक पदकवाल्याचंही हलतं, फक्त कमी हलतं. फ्रंट साइट (नळीच्या टोकावरची माशी) काळ्याखालच्या पांढऱ्या भागात तरंगत राहते आणि त्या तरंगण्याच्या पट्ट्यात काही क्षण छान, काही क्षण वाईट असतात. या तरंगण्याला मान्यता दिलेला नेमबाज म्हणतो, "इतकं हलतंय ना, हलू दे," आणि साइटवर डोळा ठेवून बोटाचा दाब सारखा वाढवत जातो. शॉट कधी सुटेल ते त्याला नेमकं माहीत नसतं. तो पट्ट्यात कुठेही सुटला तरी दहा, नऊ, क्वचित आठ. मान्यता न दिलेला नेमबाज पट्ट्यातला सुंदर क्षण शोधतो. साइट मध्याखालून जाताना त्याचा मेंदू ओरडतो, "आत्ता!" आणि बोट झटका मारतं. आदेश मेंदूतून बोटापर्यंत पोचेपर्यंत साइट पुढे गेलेली असते, आणि झटक्याने सगळी मूठ आवळली जाते, मनगट वाकतं. उजव्या हाताच्या नेमबाजाचा असा शॉट बहुतेकदा खाली-डावीकडे जातो. तुमचे ते पाच शॉट कुठे पडले ते मॅचच्या प्रिंटवर बघा. सात-आठ वाजण्याच्या दिशेला असतील अशी माझी अटकळ आहे.

चालत्या लोकलमध्ये दाराशी उभा राहून कटिंग पिणारा माणूस पाहिला असेल. तो डब्याशी भांडत नाही, गुडघे सैल सोडतो. नवखा माणूस हलायचंच नाही असं ठरवून अंग ताठ करतो आणि चहा शर्टावर घेतो.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. हलणं मान्य करा म्हटलं म्हणजे सगळंच मान्य करा असं नाही. दोन प्रकारच्या चुका असतात आणि त्यांची किंमत अगदी वेगळी असते. फ्रंट साइट आणि मागची खाचेची रिअर साइट एकमेकींत नीट बसलेल्या आहेत आणि अख्खा हात ५ मिमी सरकला, तर टार्गेटवर शॉट ५ मिमीच सरकतो. तो अजून दहाच आहे. पण हात जागेवर आहे आणि फ्रंट साइट रिअरच्या खाचेत १ मिमी कलली, तर? दोन साइटमधलं अंतर साधारण ३२ सेंमी, टार्गेट १० मीटरवर. म्हणजे १ मिमीचे तिथे जाऊन ३१ मिमी होतात. हा सात. दीड मिमी कलली तर पाच. तुमचे सात आणि पाच कुठून आले ते इथे दिसतं. हात टार्गेटवर हलण्यातून ते येत नाहीत, शेवटच्या क्षणी मुठीत साइट कलण्यातून येतात.

म्हणून तरंगणं मान्य, साइटचं कलणं अमान्य. आणि गंमत अशी की तरंगणं मान्य न करणारा माणूस नेमका टार्गेटकडे बघायला लागतो, काळ्याला चिकटतो, फ्रंट साइट धूसर होते आणि कलणं त्याला दिसतच नाही. तो स्वस्त चूक वाचवायला जातो आणि महाग चूक करून बसतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. टार्गेट उलटं लावा, म्हणजे समोर कोरा पांढरा कागद. त्याच्या मधोमध अंदाजाने वीस शॉट मारा, फक्त साइट आणि ट्रिगर बघत. मग सुलट टार्गेटवर वीस मारा. दोन्ही ग्रुप शेजारी ठेवा. तुमच्यासारख्या नेमबाजांचा कोऱ्या कागदावरचा ग्रुप बहुतेकदा लहान निघतो, निदान त्यातले उडालेले शॉट तरी गायब होतात. टार्गेटच नसल्यामुळे "आत्ता!" म्हणायला मेंदूला काही मिळत नाही. कोऱ्या कागदावरचा तो ग्रुप हीच तुमची आजची खरी पातळी. रेंजवर स्कॅटसारखं, नेम कसा फिरतो ते रेघेने दाखवणारं ट्रेनर यंत्र असेल तर त्यावर आणखी स्वच्छ दिसतं: शॉटच्या आधीच्या सेकंदात रेघ शांतपणे दहा-नऊमध्ये फिरत असते आणि अगदी शेवटी एक लांब ओरखडा काढून बाहेर जाते. एकदा तो ओरखडा डोळ्यांनी पाहिला की माणसाला फार समजवावं लागत नाही.

दोन्ही ग्रुप सारखेच निघाले, तर माझं निदान चुकीचं आहे असं धरा आणि रेंजवरच्या प्रशिक्षकांना मूठ आणि स्टान्स दाखवा. तरी मला ती शक्यता कमी वाटते.

आता पुढचे दोन महिने काय करायचं ते सांगते. मावळंकरच्या आधी हात बदलायच्या फंदात पडू नका. शेपूट कापा. शेवटच्या दहा-बारा पूर्ण मॅच घ्या, एकही वाईट न वगळता. प्रत्येकीत सात किंवा त्याहून कमी किती, तेवढंच लिहा. टोटल लिहूच नका. तुमचा आकडा पाच-सहा असणार. तो एक-दोनवर आणणं हे पुढच्या दोन महिन्यांचं एकमेव काम. ते पाच शॉट नऊ-नऊ झाले असते तर तुमचा ५४४ हा ५५६ झाला असता, एकही जास्तीचा दहा न मारता.

रोजचा सराव साधारण असा. घरी भिंतीसमोर ड्राय, म्हणजे पेलेट न घालता: पिस्तूल उचलायचं, खाली आणताना ट्रिगरची पहिली स्टेज (सुरुवातीचा हलका दाब) घ्यायची, साइट बसल्यावर दाब वाढवत न्यायचा आणि हॅमर पडतानाही फ्रंट साइट खाचेत हलली का ते बघायचं. फॉलो-थ्रू म्हणून नंतरही दोन सेकंद बघत राहायचं. वीस मिनिटं पुरेत. अर्ध्या तासाच्या पुढे मन भटकतं आणि वाईट सवय पक्की होते. रेंजवर अर्धा वेळ कोरा कागद, अर्धा वेळ टार्गेट. आणि प्रत्येक शॉटनंतर मॉनिटर बघण्याआधी स्वतःशी कॉल द्यायचा: "नऊ, उजवीकडे." कॉल आणि शॉट जुळला तर तो शॉट चांगला, मग तो आठ का असेना. कॉल दहाचा आणि शॉट सात, तर त्या वेळी तुम्ही साइटकडे बघत नव्हता.

शॉट खाली घ्यायला, म्हणजे न सोडता पिस्तूल खाली आणायला, शिका. हे मी इतक्या मुलांना इतक्या वेळा सांगितलंय की आता माझा आवाज त्यांना रेंजच्या पंख्यासारखा वाटत असेल. साइट बसल्यावर पहिल्या काही सेकंदांत होल्ड, म्हणजे हाताची स्थिरता, सर्वांत चांगला असतो. आठ-दहा सेकंद उलटली की डोळा थकतो, श्वास संपतो आणि नेमका त्याच वेळी हट्ट चढतो: "इतका वेळ धरलंय, आता सोडणारच." तुमच्या पाचाची कहाणी बहुधा अशीच असणार. पात्रता फेरीत साठ शॉटना ७५ मिनिटं असतात, म्हणजे एका शॉटला ७५ सेकंद. साइटर वेगळे, त्यासाठी आधीची १५ मिनिटं. इतक्या वेळात प्रत्येक दुसरा शॉट खाली घेतलात तरी मॅच संपते. सरावात मुद्दाम दहातले तीन शॉट, सगळं छान असतानाही, खाली घ्या. हाताला ती मोकळीक माहीत हवी.

मॅचमध्ये बेरीज करू नका असं सगळेच सांगतात आणि सगळेच करतात. मी त्याऐवजी दुसरं काम देते: मॉनिटरवर गुण न बघता शॉटची जागा बघा. ग्रुप एका बाजूला सरकला असेल तर साइटचा स्क्रू एक-दोन क्लिक फिरवा, नसेल तर पुढचा शॉट. आणि ८८ ची सिरीज लागली की वरचं गणित आठवा. तुमच्या हाताला ८८ अधूनमधून लागणारच. ती भरून काढायची गरज नसते. "पुढची ९७ मारतो" म्हणून कंबर कसणाऱ्याच्या पुढच्या सिरीजमध्ये सात येतो, हे मी दर स्पर्धेत बघते.

हाच नियम उलट बाजूनेही लागू आहे आणि तो पाळणं जास्त अवघड. पहिल्या तीन सिरीज ९५, ९६, ९५ लागल्या की छातीत धडधड सुरू होते, आज ५७० होणार! तिथून हात तोच राहतो, पण मागणी वाढते. चौथ्या सिरीजला हाताचं हलणं अचानक जास्त वाटायला लागतं. खरं तर ते तेवढंच असतं, तुम्हाला ते आता चालेनासं झालेलं असतं.

मोठ्या नेमबाजांचं काय, असं तुम्ही विचाराल. त्यांचेही आकडे बघा, फक्त पदकं बघू नका. पॅरिस २०२४ मध्ये मनू भाकर पात्रता फेरीत ५८० मारून तिसरी आली आणि पुढे कांस्य घेतलं. ५८० म्हणजे सहाशेतले वीस गुण ऑलिम्पिकच्या रेंजवर सोडलेले. टोकियोत तिने ५७५ मारले होते, तेही पिस्तूल बिघडून वेळ गेलेला असताना, आणि ती बारावी राहिली होती. अंतिम फेरी ५७७ ला बंद झाली होती. लोकांच्या लेखी टोकियो म्हणजे अपयश आणि पॅरिस म्हणजे यश. साठ शॉटच्या हिशोबात मधलं अंतर पाच गुणांचं. सरबज्योत सिंग पॅरिसला ५७७ वर आठव्या नेमबाजाच्या बरोबरीत होता, इनर टेन (दहाच्या आतल्या छोट्या वर्तुळातले शॉट) एक कमी, १६ विरुद्ध १७, म्हणून नववा. त्याने त्या रात्री आपण ५८५ चे नेमबाज असल्याचा शोक केला की नाही मला माहीत नाही. तीन दिवसांनी मनूबरोबर मिश्र सांघिकचं कांस्य मात्र घेतलं. पुरुषांच्या पात्रता फेरीचा विश्वविक्रम कोरियाच्या जिन जोंग-ओ यांचा, २००९ चा, तोही ५९४. साठपैकी साठ दहा या खेळात त्या पातळीवर कुणी मारलेले नाहीत.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे घ्या. रायफल थ्री पोझिशन हा वेगळा प्रकार, पण मुद्दा तोच. पॅरिसला तो ५९० मारून सातवा आला होता. अंतिम फेरी सगळ्यांना शून्यापासून सुरू होते आणि सातवा आलेला माणूस तिथून कांस्य घेऊन निघाला. पात्रतेत सातवं येणं त्याला पुरलं.

(दहा मीटर एअर रायफलवाले हे वाचत असतील तर: तुमचा दहा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका आहे आणि गुण दशांशात मोजतात, म्हणून माझे आकडे तुम्हाला चालणार नाहीत. पण १०.९ ची वाट बघत ट्रिगर अडवून धरणारा आणि पिस्तुलात "आत्ता!" म्हणणारा, दोघांचं दुखणं एकच.)

आता ५७० बद्दल. ते विसरा असं मी म्हणणार नाही. ते किती लांब आहे तेवढं बघा. ट्रिगर सुधारून तुम्ही ५५५ ला आलात असं धरू. विखुरण्याचं माप ८ मिमीवरून ७ वर आलं की हिशोबाने ५६४ होतात. ६.४ वर आलं की ५७०. म्हणजे हाताचं हलणं पाचव्या हिश्श्याने कमी करायचं आहे, दीड मिमीची गोष्ट. ऐकायला किरकोळ, पण ही दीड मिमी खांदा, पाठ, पायांची ठेवण, मूठ आणि झोप यांतून येते आणि तिला वेळ लागतो. नोकरी करून आठवड्याला तीन-चार दिवस रेंजवर जाणाऱ्याला वर्ष-दीड वर्ष सहज लागू शकतं. काहींना जास्त. यासाठी होल्डिंग करायचं: पिस्तूल उचलून शॉट न सोडता पंधरा-वीस सेकंद धरायचं, तेवढाच आराम, परत. वजन लावून नव्हे, आपल्याच पिस्तुलाने. हे मावळंकर झाल्यावर सुरू करा. स्पर्धेच्या तोंडावर होल्डिंग वाढवलं की खांदा भरून येतो आणि मग सगळंच बिघडतं.

दर तीन महिन्यांनी कोऱ्या कागदावरची चाचणी पुन्हा घ्या आणि ग्रुप मोजा. पातळी वाढली की नाही ते तिथे कळेल. एखाद्या ५६९ च्या दिवसावरून कळणार नाही.

तुम्ही घरच्यांबद्दल एकच वाक्य लिहिलंय, "बाबा विचारतात, अजून किती दिवस?" मला ते वाक्य बाकी सगळ्यापेक्षा जास्त बोलकं वाटलं. आपल्याकडे हा खेळ नुसता खेळ राहत नाही. दहावी-बारावीच्या वाढीव गुणांपासून सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणापर्यंत सगळं त्याला लटकलेलं असतं. पेलेट, रेंजची फी, प्रवास, खर्च घरातूनच जातो. अशा वेळी "मी ५७० चा आहे" हे वाक्य माणूस मुख्यतः घरच्यांसाठी तयार करतो आणि मग स्वतःच त्यावर विश्वास ठेवतो. बाबांना वरचं गणित दाखवा. सरासरी ५४६, सात किंवा त्याहून कमीचे शॉट पाच, दोन महिन्यांत ती दोनवर आणायची, मग ५५५ आणि तिथून वर्षभराचं काम. हिशोबी माणसाला असा तक्ता "मॅचमध्ये नशीब साथ देत नाही" यापेक्षा जास्त पटतो. आणि तक्त्याप्रमाणे घडलं नाही तर तेही त्यांना दिसेल, तुम्हालाही. कुठल्या आकड्याला थांबायचं ते आजच ठरवायची गरज नाही, पण आकडा खरा असला म्हणजे ठरवता तरी येतं.

जाता जाता, मावळंकर हे नाव आलंच आहे म्हणून. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची ही पात्रता स्पर्धा ज्यांच्या नावाने भरते ते गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन उभी राहिली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच होते. दरवर्षी "मावळंकरला चाललोय" म्हणणाऱ्या निम्म्या मुलांना ते गावाचं नाव वाटतं.

आता पिस्तूल. बदलू नका, निदान या मोसमात तरी नाही. खात्री करायची असेल तर व्हाइसमध्ये (शिकंज्यात) घट्ट बसवून पाच-पाच पेलेटचे चार ग्रुप मारा. मॅचचं कुठलंही धड पिस्तूल असे पाचही पेलेट दहाच्या आत आरामात बसवतं. तुमचं बसवत असेल तर गुण पिस्तुलात अडकलेले नाहीत. बसवत नसेल तर आधी पेलेटची वेगळी बॅच वापरून बघा, त्याला पिस्तुलाच्या मानाने काहीच पैसे लागत नाहीत. ग्रिप मात्र तपासाच. डोळे मिटून पिस्तूल उचला, टार्गेटच्या उंचीवर आणा, डोळे उघडा. फ्रंट साइट दर वेळी खाचेत एकाच बाजूला दिसत असेल तर ग्रिप हाताला बसत नाही आणि तुम्ही प्रत्येक शॉटला मनगटाने ती दुरुस्त करताय. पाम शेल्फ (तळहाताखालचा आधार) थोडं वर-खाली करून किंवा तळव्याकडे जिथे दाब येतो तिथलं लाकूड किंचित घासून हे घरी सुधारता येतं. एका वेळी थोडंच घासा, कारण घासलेलं लाकूड परत येत नाही. मग पुट्टी भरायचा खटाटोप होतो. आणि ट्रिगरचं वजन स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात एकदा ५०० ग्रॅमच्या वजनाने मोजून घ्या. काठावर ठेवू नका, दहा-पंधरा ग्रॅम जास्तच असू द्या. इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे साहित्य तपासणीच्या, रांगेत उभं राहून स्क्रू फिरवत बसलेला नेमबाज साइटर सुरू होण्याआधीच थकलेला असतो.